स्फटिकाचे अंतरंग

साखरेचा दाट पाक करून त्यात एक दोरा सोडावा आणि ते भांडे न हलवता काही दिवस तसेच राहू द्यावे. दोऱ्यावर हळूहळू खडीसाखरेचे खडे धरू लागतात. खडा लहान असो वा मोठा, त्याच्या बाजू सपाट असतात, कडा सरळ असतात आणि दोन बाजूंमधील कोन प्रत्येक खड्यात तेवढाच भरतो. तुरटीचे, मिठाचे आणि मोरचुदाचेही असेच असते. कोणी कारागीर त्यांना पैलू पाडीत नाही. ते आपोआप पडतात. अशा पदार्थांना स्फटिक म्हणतात.

हे पैलू कसे पडत असावेत, याविषयी जुन्या विद्वानांनी एक तर्क केला होता. सारख्या विटा ओळीने रचल्या म्हणजे भिंत सपाट आणि सरळ उभी राहते. त्याचप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण एकावर एक नेमाने रचले जाऊन स्फटिक तयार होत असावा. तर्क खरा होता. परंतु त्या विटा कशा आहेत, हे पाहण्याची काहीच सोय नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सोय झाली. तिचा उपयोग करून औषधांच्या रेणूंचे आकार ज्यांनी शोधून काढले, त्यांत डोरोथी हॉजकिन ह्या इंग्रज विदुषीचे नाव फार वरचे आहे.

डोरोथीचे माहेरचे आडनाव क्रोफूट. तिचा जन्म १९१० साली ईजिप्तमधील कैरो शहरात झाला. तिचे वडील तेथे शिक्षणखात्यात नोकरीस होते. पुढे ते सुदानात गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा चार वर्षांच्या डोरोथीला आणि तिच्या बहिणींना इंग्लंडात ठेवून आईवडिलांना परत जावे लागले. दहा वर्षांची असताना तिने एका लहानशा वर्गात तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवण्याचा प्रयोग केला. भांड्यातील पाणी रोज थोडे थोडे आटत जाई आणि तळाशी निळे, पैलूदार खडे वाढत जात. तो देखावा त्या मुलीच्या मनात घर करून राहिला.

पुढे ती आईवडिलांकडे सुदानात गेली असता, घराच्या बागेतील पाटात तिला एक काळा चकाकता खनिजाचा खडा सापडला. हा कोणता पदार्थ असावा? तिच्या वडिलांचे एक स्नेही मातीचे रसायनशास्त्रज्ञ होते. तिने त्यांच्याकडे जाऊन काही रसायने मागितली आणि स्वतःच परीक्षा करण्यास आरंभ केला. त्या गृहस्थांनी मुलीची ही हौस हसण्यावारी नेली नाही. त्यांनी तिला परीक्षेची रीत समजावून दिली आणि रसायनांची व खनिजांची एक पेटीच भेट दिली. इंग्लंडला परतल्यावर घराच्या माळ्यावर तिची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. शाळेत रसायनाचा तास केवळ मुलांसाठी असे. डोरोथी आणि तिची एक मैत्रीण अशा दोघींनाच त्या तासाला बसण्याची परवानगी मिळाली.

पंधरा-सोळा वर्षांची असताना आईने तिला एक पुस्तक दिले. ते विल्यम हेन्री ब्रॅग ह्या शास्त्रज्ञाने मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानांचे होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी जणू पाहता येते, असे त्यात सांगितले होते. आपल्याला आयुष्यात काय करावयाचे आहे, हे डोरोथीला त्या वाचनाने कळले.

अणू साध्या सूक्ष्मदर्शकातून का दिसत नाहीत? तळ्यावर उठणाऱ्या लाटांचे उदाहरण घ्यावे. लाटेच्या वाटेत एखादी होडी असली, तर लाट तिच्यावर आपटून फुटते. होडीमागचे पाणी शांत राहते आणि त्यावरून होडी कोठे आहे हे ओळखता येते. परंतु वाटेत लव्हाळ्याची एखादीच काडी असली, तर लाट जणू ती तेथे नाहीच अशी पुढे निघून जाते. लाटेच्या मानाने वस्तू फार बारीक असली, की लाटेवर तिची खूण उमटत नाही. प्रकाशाच्याही लाटाच आहेत. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग करावेत. त्यांतील एका भागास अँगस्ट्रॉम म्हणतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी सुमारे ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम असते, आणि रेणूत शेजारी शेजारी असलेल्या दोन अणूंमधील अंतर असते एक ते तीन अँगस्ट्रॉम! प्रकाशाच्या लाटेपुढे अणू म्हणजे त्या काडीहूनही बारीक.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना एका नव्या प्रकारच्या किरणांचा शोध लागला. हे किरण कशाचे, ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून गणितात अज्ञात संख्येला देतात तेच नाव त्यांनी किरणांना दिले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. मोडलेले हाड पाहण्यासाठी दवाखान्यात हेच किरण वापरतात. त्यांच्या लाटा प्रकाशाच्या लाटांपेक्षा हजारो पटींनी आखूड असतात. अणूंमधील अंतराशी त्यांचे माप जुळते. तर मग क्ष-किरणांचा सूक्ष्मदर्शकच का बनवू नये? अडचण भिंगाची होती. काचेचे भिंग प्रकाश वळवून एकत्र आणते आणि चित्र उभे करते. क्ष-किरण मात्र काचेतून जवळजवळ न वळताच पार होतात.

१९१२ साली म्यूनिक येथे माक्स फॉन लाउए यांना एक कल्पना सुचली. स्फटिकातील कण नेमाने रचलेले असतील, तर त्यांतून जाणारे क्ष-किरणही नेमानेच विखुरले पाहिजेत. त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक स्फटिक घेतला, त्यावर क्ष-किरण सोडले आणि मागे छायाचित्राची काच ठेवली. काच धुऊन पाहिली, तो तिच्यावर ठिपके उमटलेले! त्या प्रयोगासाठी घेतलेला पहिला स्फटिक मोरचुदाचा होता. पुढे आठ वर्षांनी चिमुकली डोरोथी जे निळे खडे वाढवणार होती, तेच हे.

हे ठिपके का पडतात? पुन्हा तळ्याकाठी जावे. पाण्यात दोन खडे एकाच वेळी थोड्या अंतरावर टाकले, तर दोन ठिकाणांहून लाटांची वर्तुळे पसरतात. जेथे एका लाटेचा उंचवटा दुसऱ्या लाटेच्या उंचवट्यास मिळतो, तेथे पाणी दुप्पट उसळते. जेथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो, तेथे पाणी शांत राहते. स्फटिकात असंख्य रेणू एकाच शिस्तीने उभे असतात आणि प्रत्येकापासून क्ष-किरणांच्या लाटा विखुरतात. बहुतेक दिशांना त्या एकमेकींना पुसून टाकतात. मोजक्या दिशांना मात्र सर्वांचे उंचवटे एकत्र येतात, आणि तेथे काचेवर ठिपका उमटतो. एकट्या रेणूची लाट इतकी क्षीण असते, की तिची खूण त्या काचेवर उठलीच नसती. असंख्य रेणू एका सुरात बोलतात म्हणून ती उठते. ह्यासाठीच स्फटिक हवा.

ठिपके कोठे पडले, यावरून रेणूंमधील अंतर कळते. कोणता ठिपका गडद आणि कोणता फिका, यावरून रेणूतील अणूंची मांडणी शोधता येते. हे गणित प्रथम मांडले, ते वर सांगितलेल्या ब्रॅग यांनी आणि त्यांच्या मुलाने. १९१३ साली त्यांनी मिठाच्या स्फटिकाचे अंतरंग उलगडले. मिठात सोडियम आणि क्लोरीन यांच्या जोड्या असतील, असे पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ मानीत. प्रत्यक्षात जोड्या नव्हत्याच! बुद्धिबळाच्या पटावर काळी-पांढरी घरे असतात, तसे सोडियम आणि क्लोरीन वर-खाली, मागे-पुढे एकाआड एक मांडलेले होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे सहा शेजारी होते. ही गोष्ट काही जुन्या मंडळींच्या इतकी जिवावर आली, की एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञाने त्यानंतर चौदा वर्षांनी, १९२७ साली, तिची छापून थट्टा केली. ब्रॅग पितापुत्रांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलगा लॉरेन्स त्या वेळी केवळ २५ वर्षांचा होता.

मिठात दोनच प्रकारचे अणू. साखरेसारख्या, औषधासारख्या किंवा शरीरातील प्रथिनांसारख्या पदार्थांत पुष्कळ अणू गुंतागुंतीने जोडलेले असतात. तेथे एक फार मोठी अडचण उभी राहते. झांजा वाजवणाऱ्या शंभर जणांचा मेळा आहे अशी कल्पना करावी. कोणी झांज किती जोराने वाजवली, हे एकाने वहीत लिहून ठेवले. परंतु ती केव्हा वाजवली, हे लिहायचे राहिले. त्या वहीवरून तो ताल पुन्हा कसा वाजवणार? छायाचित्राची काच अशीच अपुरी नोंद ठेवते. लाट किती जोराची होती, हे ठिपक्याच्या गडदपणावरून कळते. तिचा उंचवटा आधी आला की मागून, ते कळत नाही. आणि ते कळल्यावाचून अणूंचे चित्र उभे राहत नाही.

ह्यावर तोड निघाली ती अशी. अणूंतील इलेक्ट्रॉन क्ष-किरणांना विखुरतात. ज्या अणूत इलेक्ट्रॉन पुष्कळ, म्हणजे जो अणू जड, तो अधिक जोराने विखुरतो. झांजांच्या मेळ्यात एक ढोल असला, तर त्याचा ठोका निराळा ओळखू येतो. आणि एकदा तो सापडला, की इतर झांजा त्याच्या आधी वाजल्या की मागून, हे ठरवता येते. रेणूत एखादा जड अणू असेल, किंवा रेणूचा आकार न बिघडवता तो बसवता येत असेल, तर प्रथम त्याची जागा शोधावी आणि त्याच्या आधाराने इतरांचा माग काढावा.

डोरोथीने १९२८ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील शिक्षण पुरे करून १९३२ साली ती जे. डी. बर्नाल यांच्या हाताखाली संशोधनासाठी केंब्रिजला गेली. १९३४ साली बर्नाल यांच्याकडे पेप्सिन नावाच्या प्रथिनाचे स्फटिक आले. आपल्या जठरात अन्न पचवणारे ते हे पेप्सिन. हे स्फटिक कोरडे केले, की त्यांतून ठिपके मिळत ना. ज्या द्रवात ते वाढले होते, त्यात ओलेच ठेवून बारीक काचेच्या नळीत बंद केले, तेव्हा मात्र काचेवर ठिपकेच ठिपके उमटले. स्फटिकातील प्रथिनांमध्ये पाणी भरलेले असते आणि ते उडून गेले, की रचना कोसळते, हे त्यातून कळले. कोणत्याही प्रथिनाचे असे छायाचित्र त्यापूर्वी मिळाले नव्हते.

त्याच वर्षी डोरोथीबाईंच्या हातांची बोटे दुखू लागली. डॉक्टरांनी संधिवाताचे निदान केले. त्यांचे वय अवघे २४ होते, आणि केसाएवढे बारीक स्फटिक काचेच्या टोकावर चिकटवण्याचे काम तर बोटांचेच. हा रोग पुढे त्यांना आयुष्यभर पुरला. बोटे वाकडी झाली, पाय सुजू लागले. क्ष-किरणांच्या यंत्राची कळ दाबणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी तिला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवले. 

ऑक्सफर्डला परतल्यावर त्यांना विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात जागा मिळाली. उजेड येणारी खिडकी उंचावर होती आणि तिच्याजवळच्या सज्ज्यात सूक्ष्मदर्शक ठेवलेला असे. स्फटिक तेथे पाहून चिकटवावा आणि तो हातात जपत शिडीवरून खाली यावे, असा तेथील रोजचा क्रम होता. अशा त्या जागेत त्यांना एका प्राध्यापकाने इन्शुलिनची चिमूटभर पूड दिली.

इन्शुलिन म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. त्यात हे प्रथिन तयार होते आणि रक्तातील साखर शरीराच्या उपयोगी पडते ती त्याच्यामुळे. ज्याच्या शरीरात ते तयार होत नाही, त्याला मधुमेह होतो. लहान मुलांना हा रोग झाला, तर ती वाळत जाऊन काही काळाने मरत. वैद्यांपाशी उपाय नव्हता. १९२२ साली कॅनडातील टोरोंटो येथे जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचण्यात आले आणि तो वाचला. औषध तर सापडले. पण त्याचा रेणू दिसतो कसा, हे कोणालाच माहीत नव्हते.

डोरोथीबाईंनी त्या पुडीपासून इन्शुलिनचे स्फटिक वाढवले आणि १९३५ साली एका रात्री दहाच्या सुमारास त्याचे पहिले छायाचित्र धुऊन पाहिले. काचेवर बारीक ठिपक्यांची सुबक नक्षी उमटली होती. त्यांना इतका आनंद झाला, की घरी जाण्याचे भान न राहून त्या रात्री ऑक्सफर्डच्या रस्त्यांतून हिंडत राहिल्या. परंतु ठिपके मिळणे निराळे आणि ते वाचता येणे निराळे. इन्शुलिनच्या एका रेणूत पावणेआठशेच्या आसपास अणू असतात. त्या वेळच्या साधनांनी हा हिशेब सुटणे अशक्य होते. त्यांनी ती काच जपून ठेवली आणि दुसरी कामे हाती घेतली.

१९३७ साली त्यांचा विवाह टॉमस हॉजकिन यांच्याशी झाला आणि पुढे त्यांना तीन मुले झाली. घर, मुले, अध्यापन आणि दुखरे हात हे सर्व सांभाळून प्रयोगशाळा चालू होती. त्यातच दुसरे महायुद्ध पेटले. ऑक्सफर्डमध्येच फ्लोरी आणि चेन हे दोघे शास्त्रज्ञ पेनिसिलिनवर काम करीत होते. ते देणारी बुरशी १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसली होती. मे १९४० मध्ये फ्लोरी आणि चेन यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चारांना पेनिसिलिन दिले. सकाळी ते चार उंदीर जिवंत होते, बाकीचे चार मरून पडले होते. चेन यांना ही बातमी पोटात ठेवणे कठीण झाले. वाटेत डोरोथीबाई भेटताच त्यांनी ती सांगितली आणि एके दिवशी तुम्हांला पेनिसिलिनचे स्फटिकही आणून देऊ, असे आश्वासन दिले.

१९४१ साली जंतुदोषाने मरणपंथाला लागलेल्या एका पोलीस शिपायाला हे औषध देण्यात आले. तो सुधारू लागला, खाऊ-पिऊ लागला. पण औषध इतके थोडे होते, की त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचावे लागे. शेवटी तेही संपले, आणि तो शिपाई मरण पावला. औषध बुरशीवर अवलंबून न राहता प्रयोगशाळेत बनवावे, ही निकड किती मोठी होती, हे यावरून समजेल. आणि बनवावयाचे, तर आधी त्याचा आकार कळायला हवा.

पेनिसिलिनचे स्फटिक १९४४ च्या सुरुवातीस अमेरिकेतून विमानाने इंग्लंडला आले. वजन केवळ काही मिलिग्रॅम! डोरोथीबाई आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो कामाला लागल्या. त्यांनी पेनिसिलिनचे पोटॅशियमचे आणि रुबिडियमचे असे दोन क्षार घेतले. दोहोंचे स्फटिक सारखेच, फरक एवढाच, की एकात हलका पोटॅशियम आणि दुसऱ्यात त्याच जागी जड रुबिडियम. दोहोंचे ठिपके ताडून पाहिले, की ढोलाची जागा सापडे. इंग्लंडातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोडियमच्या क्षारावर काम चाललेच होते.

त्या काळचे गणित कसे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. दोन लाकडी पेट्यांत पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या ओळीने लावलेल्या असत आणि प्रत्येक पट्टीवर आकडे छापलेले असत. ठिपक्याप्रमाणे योग्य ती पट्टी काढावी, शेजारी शेजारी मांडावी, उभ्या ओळींची बेरीज करावी, ती लिहावी आणि पट्टी पुन्हा जागच्या जागी ठेवावी. एक पट्टी चुकीच्या जागी गेली, की पुढचा सगळा हिशेब बिघडला. अशा असंख्य बेरजांमधून रेणूत कोठे इलेक्ट्रॉन दाट आहेत आणि कोठे विरळ, ते निघे. मग भूगोलाच्या नकाशात डोंगराभोवती समोच्च रेषा काढतात, तशा त्या आकड्यांभोवती रेषा काढावयाच्या. असे नकाशे पारदर्शक पत्र्यांवर काढून ते एकावर एक ठेवले, की आतील अणू डोंगराच्या शिखरांसारखे दिसू लागत.

ह्या नकाशात जे दिसले, त्यावर रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. पेनिसिलिनच्या मध्यभागी चार अणूंचे एक चौकोनी कडे होते: तीन कार्बनचे आणि एक नायट्रोजनचा. एवढे लहान कडे फार ताणलेले असते, ते टिकेलच कसे? असे सूत्र खरे निघाले, तर मी रसायनशास्त्र सोडून अळंबी पिकवीत बसेन, असे एक नामांकित रसायनशास्त्रज्ञ म्हणाल्याचे सांगतात. १९४५ साली सूत्र खरे निघाले. त्या गृहस्थांनी अळंबी काही पिकवली नाहीत, आणि ते बरेच झाले. पुढे त्यांना रसायनशास्त्राचेच नोबेल पारितोषिक मिळाले.

ते ताणलेले कडे हेच पेनिसिलिनचे शस्त्र आहे. जंतूंना आपल्या शरीराभोवती एक भिंत बांधावी लागते आणि ती बांधणारे एक प्रथिन त्यांच्यापाशी असते. पेनिसिलिनचे कडे त्या प्रथिनाला भिडताच तुटते आणि त्याला कायमचे चिकटून बसते. गवंड्याचे हात बांधले गेले, की भिंत अपुरी राहते आणि जंतू फुटतो. खरे सांगावयाचे, तर आकार कळल्यावरही पेनिसिलिन प्रयोगशाळेत बनवण्यास आणखी बारा वर्षे लागली, आणि स्वस्त पडते म्हणून ते बुरशीपासूनच काढण्याची पद्धत चालू राहिली. परंतु ते कडे तसेच ठेवून त्याच्या भोवतीचा भाग बदलावा आणि निराळ्या जंतूंवर चालणारी नवी औषधे करावी, हे शक्य झाले ते ह्या नकाशामुळेच.

पुढचे काम होते जीवनसत्त्व ब-१२. ह्याच्या अभावी एक प्रकारचा रक्तक्षय होऊन माणसे दगावत. १९२६ पासून त्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून जगवीत असत. १९४८ साली त्या यकृतातील गुणकारी द्रव्याचे लालभडक स्फटिक मिळाले. त्याच्या रेणूत १८१ अणू होते आणि सुदैवाने मध्यभागी कोबाल्टचा एक जड अणू आयताच बसलेला होता. बेरजा आता पट्ट्यांवर उरकण्यासारख्या नव्हत्या. अमेरिकेतील लॉस एंजल्सच्या केनेथ ट्रूब्लड यांच्यापाशी नवा संगणक होता. ऑक्सफर्डहून आकडे जात, तेथून उत्तरे येत आणि अटलांटिक महासागरावरून पत्रांची व तारांची ये-जा चाले. १९५६ साली ब-१२ ची रचना पुरी झाली.

१९६४ साली डोरोथीबाईंना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आधी हा मान केवळ दोन स्त्रियांना, मेरी क्यूरी आणि त्यांची कन्या इरीन यांना मिळाला होता. इंग्लंडातील एका वर्तमानपत्राने मोठ्या अक्षरांत छापले, की एका गृहिणीला नोबेल मिळाले! पुरुष शास्त्रज्ञाचा गौरव झाला असता, तर त्याच्या घरकामाची चौकशी कोणी केली नसती.

एवढ्या अवधीत इन्शुलिनची ती काच विस्मरणात गेली नव्हती. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या रेणूतील दुवे ओळीने वाचून काढले होते: २१ दुव्यांची एक साखळी आणि ३० दुव्यांची दुसरी. पण साखळीत कोणता दुवा कोणापुढे, एवढे कळून ती पेटीत कशी गुंडाळून ठेवली आहे, हे कळत नाही. प्रथिनाच्या स्फटिकात जड अणू बसवून ठिपके वाचता येतात, हे केंब्रिजच्या माक्स पेरुट्स यांनी दाखवून दिले होते. डोरोथीबाईंच्या प्रयोगशाळेत इन्शुलिनमधील जस्ताच्या जागी शिशासारखे जड धातू बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले. कधी स्फटिक भंगे, कधी धातू भलत्याच जागी बसे. वर्षामागून वर्षे गेली.

ह्या कामावर देशोदेशींचे तरुण होते. गाय डॉडसन न्यूझीलंडचे, टॉम ब्लंडेल इंग्लंडचे, आणि केरळातून बंगळूरमार्गे आलेले मामण्णमण विजयन भारताचे. १९६९ सालच्या उन्हाळ्यात नकाशे काढून झाले. पारदर्शक पत्रे एकावर एक ठेवताच दोन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या दिसू लागल्या. इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती गोल करून बसलेले होते. शरीर आपले इन्शुलिन अशा सहासहांच्या गटांत साठवून ठेवते आणि रक्तात गेल्यावर ते सुटे होऊन कामाला लागते. पहिले छायाचित्र धुतले तेव्हा डोरोथीबाई २५ वर्षांच्या होत्या. आता त्या ५९ वर्षांच्या झाल्या होत्या. मधे ३४ वर्षे लोटली होती.

रेणू कोठे कोठे एकमेकांना धरून बसतात, हे एकदा कळल्यावर त्यांची पकड सैल करण्याचा मार्ग दिसला. साखळीतील दोन दुवे बदलून चटकन सुटे होणारे इन्शुलिन तयार करण्यात आले आणि १९९६ पासून ते रोग्यांना मिळू लागले. आता मधुमेही मुलाला जेवणाच्या अर्धा तास आधी सुई टोचून घेऊन ताटावर वाट पाहत बसावे लागत नाही. पान वाढले, की तो सुई घेऊन जेवायला बसू शकतो.

विजयन १९७१ साली भारतात परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकांचे काम उभे केले. त्यांनी निवडलेला एक विषय भुईमुगाच्या दाण्यातील एका प्रथिनाचा होता. त्या प्रथिनाची रचना १९९४ साली प्रसिद्ध झाली. डोरोथीबाईंचे निधन झाले, ते त्याच वर्षी. ज्या सहकाऱ्यांनी ती उलगडली, त्यांत नागपूरहून बंगळूरला शिकावयास गेलेले शेखर मांडे हेही होते. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक झाले.